जरा जास्तच जुळलेला आवाज

१

सकाळी साडेआठला पुंजादादा मोगलांच्या पॅकहाउसमध्ये बायका पाणी प्यायल्या, आणि नऊ वाजायच्या आत तिघीजणी जमिनीवर लोळायला लागल्या.

फेब्रुवारी २००३ मधली गोष्ट. मी सावळीराम ढिकले, तेव्हा दिंडोरी तालुक्यात फौजदार होतो. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. युरोपला माल पाठवणाऱ्या प्रत्येक बागेत परदेशी तपासनीस यायचे होते, आणि दादांकडे ते चारच दिवसांनी येणार होते. ठाण्यात फोन आला तो दहा वाजून दहा मिनिटांनी. फोन करणारा होता पॅकहाउसचा मॅनेजर ललित देवरे. मी पावणेअकराला पोचलो. जीप भरून सगळे जण नाशिकला दवाखान्यात गेले होते. थांबला होता तो एकटा ललित.

पिण्याच्या पाण्याच्या हौदाचं झाकण उचललं तर फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला.

"घात केला कुणीतरी साहेब," ललित कपाळाचा घाम पुसत म्हणाला.

तेवढ्यात मुंबईला गेलेले पुंजादादा परतले. साठीचा, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस. ऑफिसात शिरले तर टेबलावरच्या आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. तिथं कोणी नसलं की फोन आपोआप उचलून निरोप कॅसेटवर घेणारं ते यंत्र. दादांनी हौसेनं आणलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

एका बाईचा आवाज. डोंगराकडच्या आदिवासींची कोकणी बोली. दोनच वाक्यं.

"हौदात औषीद टाकेल आहा. जो पील तो मरील."

दादा खुर्चीत बसले. "हा आवाज मी ओळखतो," ते म्हणाले. "ही तानुबाई."

२

तानुबाई भोये म्हणजे सुरगाण्याकडची मुकादम. दर हंगामात बावीस बायका घेऊन खाली यायची. छाटणी असो, विरळणी असो, तिच्या टोळीचं काम नावाजलेलं. पण तोंड फटकळ. तीनच दिवसांपूर्वी तिनं सगळ्यांसमोर दादांना सुनावलं होतं. "औषधाच्या पिपाचा पाइप आन् पिण्याच्या पाण्याचा पाइप एका जागी हाय. हे नीट करा, नायतर माझ्या बाया उद्यापासून येनार नाय."

आणि त्या तिघी? तिच्या टोळीतली एकही नव्हती. तिघीही फकिरा मुकादमाच्या, शेजारच्या गावातल्या. त्यातली वत्सलाबाई तर अजून शुद्धीवर नव्हती. तानुबाईच्या बायका हौदाचं पाणी पीतच नसत. कळशी सोबत आणत. माझ्या डोक्यात हिशेब जुळला. हिला ठाऊक होतं म्हणून हिच्या बायका वाचल्या.

तरी नुसत्या आवाजावरून कोणाला आत कसं टाकायचं? निरोपाचा फोन कुठल्या नंबरवरून आला, तेही कळेना. लोकल फोनची नोंद तेव्हा एक्स्चेंजमध्ये राहत नसे. तेव्हा दादाच म्हणाले, "नोव्हेंबरात कॉलेजची एक मॅडम इथं येऊन सगळ्यांचे आवाज भरून घेऊन गेली. म्हणत होती, आवाजावरून माणूस ओळखणारं यंत्र करतेय."

मॅडमचं नाव साधना क्षेमकल्याणी. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. वय पस्तिशीचं, बोलणं भरभर. मी कॅसेट त्यांच्यासमोर ठेवली.

"आमच्याकडे साठ आवाज आहेत," त्या म्हणाल्या. "वीस कोकणीचे, वीस अहिराणीचे, वीस नाशिककडच्या मराठीचे. प्रत्येकाला एकच सांगितलं होतं, रोजचं काम सांगा. दहा मिनिटं बोलून घेतलं. नावं वहीत, फायलीवर फक्त नंबर."

"आणि यंत्र ओळखतं कसं?"

"कांदा मार्केटला गेलाय ना? एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ओतला की मोठे किती, मध्यम किती, गोलटी किती, याचा एक अंदाज येतो. दोन शेतकऱ्यांचे ढीग कधी सारखे नसतात. आम्ही बोलण्याचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याचे बारा आकडे. हजारो तुकडे ओतले की आकड्यांचे ढीग पडतात. कुठे दाट, कुठे विरळ. त्या ढिगांचा नकाशा म्हणजे तो माणूस. नवा आवाज आला की विचारायचं, हे तुकडे सगळ्या गर्दीच्या नकाशात जास्त शोभतात, की या एका माणसाच्या? जितकं जास्त शोभेल तितके जास्त गुण."

संगणक वीस मिनिटं घुरघुरला. मग पडद्यावर साठ नंबरांची यादी आली. सगळ्यात वर को-१७. मॅडमनी वही उघडली. बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"तानुबाई मंगळू भोये," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं कोणी जवळपासही नाही."

३

तानुबाईला ठाण्यात आणलं तेव्हा ती घाबरलेली नव्हती, चिडलेली होती. तिच्या बावीस बायका ठाण्याबाहेर लिंबाच्या झाडाखाली येऊन बसल्या. घोषणा नाही, रडारड नाही. नुसत्या बसल्या.

मी कॅसेट लावली. तिनं मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"बोल माझाच हाय सायेब," ती म्हणाली.

माझ्या हवालदाराच्या हातातलं पेन थांबलं. मीही चमकलो. इतक्या सहज कबुली?

"म्हणजे तू फोन केला होतास?"

"नाय. फोन नाय केला. माला नंबर लावता बी येत नाय. पन बोल माझाच हाय. माझा बोल माला नाय कळनार का?"

"मग तुझा आवाज मशीनमध्ये गेला कसा? उडून?"

"ते तुमी शोधा. पगार तुमाला हाय."

बाहेर बसलेल्यांपैकी कोणीतरी हसलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागातच मी कागद पुरे केले. आवाज तिचा हे यंत्र म्हणालं, तीही म्हणाली. भांडण सगळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी तिला पोलिस कोठडी मिळाली. पेपरात छापून आलं, संगणकानं गुन्हेगार पकडला. साधनामॅडमचा फोटोही होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावतो तोच मॅडम दारात उभ्या. केस विस्कटलेले, हातात कागदांचं भेंडोळं.

"साहेब, माझा अहवाल मला परत द्या," त्या म्हणाल्या. "त्यात चूक आहे."

"आवाज तिचा नाही?"

"आवाज तिचाच आहे. तीच तर चूक आहे."

४

मी त्यांना बसवलं, चहा दिला. त्यांनी तो तसाच ठेवला.

"कोर्टासाठी सही करायला कागद घेतला, आणि गुणांचा आकडा लिहिताना हात थांबला. हे बघा. मी दहा जणांना प्रयोगासाठी फोनवरूनही बोलायला लावलं होतं. माणूस तोच, पण फोन आवाजाचं रूप बदलतो. वरचं कापतो, खालचं कापतो, मधलं वाकवतो. माझं यंत्र त्यानं गोंधळतं. समोरासमोर माइकवर तीन गुण मिळवणारा माणूस फोनवर जेमतेम एक मिळवतो. दहाच्या दहा जणांचं तसंच झालं. माझ्या यंत्रातला तो मोठा दोष आहे. पीएच.डी.चे गाइड मला त्यावरून रोज बोलतात."

"मग?"

"तानुबाईच्या निरोपाला तीन पॉइंट चार मिळालेत."

मी कागद जवळ ओढला.

"फोनवरून आलेला आवाज इतका जुळूच शकत नाही. हा जरा जास्तच जुळलाय. जणू ती माझ्याच माइकसमोर बसून बोलली."

त्यांनी एक चित्र पुढे सरकवलं. निरोपाच्या आवाजाचा आलेख. वर राखाडी ढग, आणि तळाशी डांबरी रस्त्यासारखा एक काळाकुट्ट पट्टा.

"ही घरघर आहे. अगदी खालच्या सुरातली. यंत्राला देताना मी तळ कापून टाकते, म्हणून पहिल्या दिवशी दिसली नाही. साहेब, टेलिफोनच्या तारेतून इतका खालचा सूर येतच नाही. तार तो गाळून टाकते. हा आवाज टेलिफोनमधून आलेलाच नाही."

"पण निरोप तर आन्सरिंग मशीनमध्ये होता!"

"कॅसेटवर होता," मॅडम म्हणाल्या. "फोन आला होता असं आपण धरून चाललो."

बाहेर लिंबाखाली बायका भाकरी सोडत होत्या.

"आणि ही घरघर कसली?" मी विचारलं.

"ती मी ओळखते. चार महिने कानात आहे. मोगलांच्या पॅकहाउसमधल्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर. नोव्हेंबरात आम्ही रेकॉर्डिंग केलं ते त्याच्याच शेजारच्या खोलीत."

५

मी मॅडमबरोबर कॉलेजात गेलो. त्यांचा साहाय्यक दिनेश वाट बघत होता. चष्मा लावणारा, तिशीचा, कामाला वाघ. त्यानं को-१७ ची फाइल लावली. तानुबाईचा तोच ठसठशीत आवाज. दिनेशनं कोकणी शिकून घेतली होती. तो वाक्यावाक्याला अर्थ सांगत होता.

"म्हणते, फवारणीचा दिवस असला की सकाळी मी सगळ्या बायांना एका जागी उभं करते आणि सांगते..."

आणि मग स्पीकरमधून आलं, "हौदात औषीद टाकेल आहा. जो पील तो मरील."

"...म्हणून घरून कळशी आणा, आणि जेवायच्या आधी हात राखेनं धुवा," दिनेशनं पुढचं सांगितलं.

ज्या वाक्यांवरून मी त्या बाईला, पुढं काही बोलूही न देता, कोठडीत टाकलं, ती वाक्यं ती रोज सकाळी बायांचा जीव वाचवायला म्हणत होती. तिचा हौद म्हणजे औषध कालवायचा हौद!

मॅडमनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. शेंड्यापासून बुडापर्यंत एकच. "एकच वाक्य एकच माणूस दोनदा म्हणाला तरी असं जुळत नाही. मी 'आई' म्हणाले आणि पुन्हा म्हणाले, तरी दोन्ही वेगळे. ही नक्कल आहे."

"मूळ कॅसेट कोणाकोणाकडे आहे?"

"कॅसेट कपाटात, किल्ली माझ्याकडे. पण नक्कल कॅसेटवरून झालेली नाही." त्यांनी आलेखावर पेन्सिल टेकवली. "तानुबाई दोन वाक्यांच्या मध्ये चांगली थांबते. मूळ कॅसेटवर तो श्वास ऐकू येतो. निरोपात नाही. शांत जागा यंत्राच्या काही कामाच्या नाहीत, म्हणून आम्ही त्या कापतो. कापलेल्या फायली आम्ही सीडीवर घातल्या. निरोप त्या सीडीवरून घेतलाय."

"सीडी किती?"

दिनेशनं मान खाली घातली. "दोन. एक इथं. दुसरी मीच पॅकहाउसला नेऊन दिली. बायांना आपापले आवाज ऐकायचे होते."

"दिली कोणाच्या हातात?"

"ऑफिसात ठेवली. दादा होते, ललितभाऊ होते." दिनेशनं चष्मा सारखा केला. "साहेब, संशय माझ्यावरही येतो, हे मला कळतं."

"येतो," मी म्हणालो. "त्या सकाळी कुठे होतास?"

"आठ ते बारा इथं, प्रॅक्टिकल घेत होतो. तीस पोरं साक्षीला आहेत."

ती खरोखरच होती. मी एकेकाला विचारून घेतलं. निघताना मी सहज त्याला विचारलं, रेकॉर्डिंगच्या दिवशी काही खटकलं होतं का? तो हसला. "खटकलं नाही. तीन रेकॉर्डिंग पुन्हा करावी लागली तेवढंच. ललितभाऊ दारात उभे राहून दादांची नक्कल करत होते. बायांना हसू आवरेना."

६

पहिला धरला फकिराला. तानुबाईमुळे त्याची टोळी निम्मी झाली होती, म्हणजे वैर उघड. लय बोलका माणूस.

"तिच्यावर माझा राग हाय, खोटं कशाला बोलू? पन वत्सलाबाई माझी चुलती हाय साहेब. तिला औषध पाजंल का मी? आन् ती सीडी का काय ती, म्या डोळ्यानं पाहिली नाय. आपल्याला रेडिओ लावता येतो, बास."

"पाणी प्यायल्यावर काय झालं ते सांग."

"लाइट गेली व्हती सकाळी. आठच्या सुमाराला. अर्ध्या तासानं आली. मंग बाया पान्यावर गेल्या. पडल्या तसं तानुबाईनंच वत्सलाबाईला खांद्यावर टाकलं आन् जीपमधी घातलं. आमी सगळे गेलो. ललितभाऊ म्हनले, मी पोलिसांना फोन करतो, तुमी व्हा पुढं."

जीप गेली नऊला. फोन आला दहा वाजून दहा मिनिटांनी. हे मी पहिल्या दिवशीच वहीत लिहिलं होतं आणि विसरून गेलो होतो.

ललितला विचारलं तेव्हा तो नीट इस्त्रीच्या शर्टात, समोर फायली मांडून बसला होता. सटाण्याकडचा, बी.कॉम., सगळा परदेशी पत्रव्यवहार एकहाती बघणारा. "फोन लागत नव्हता साहेब. सारखा एंगेज." उत्तर तयार होतं. "आणि सीडीचं म्हणाल तर ती दादांच्या खणात असते. खण उघडाच असतो. कोणीही घेईल."

दादांना विचारलं. ते भडकले. "माझ्याच मालाचं नुकसान मी करीन? मला कॉम्प्युटर सुरू करता येत नाही. चिठ्ठ्या मी त्या छोट्या टेपवर बोलतो, ललित टाइप करतो."

"कुठला छोटा टेप?"

त्यांनी खणातून हातात मावणारा रेकॉर्डर काढला. त्यातली कॅसेट आन्सरिंग मशीनच्या कॅसेटसारखीच होती. तीच जात, तेच माप.

म्हणजे निरोप भरायचं साधनही ऑफिसातच. पण ते वापरलं कोणी? ललितनं, की स्वतः खोटं बोलणाऱ्या दादांनी? तपासनीस आले असते आणि हलगर्जीपणानं विषबाधा झाली असं दिसलं असतं, तर दादांचा निर्यातीचा परवाना जाणार होता. घातपात ठरला तर माफ. दादांचंही कारण तेवढंच मोठं होतं, आणि ते मुंबईहून नक्की कधी परतले याला साक्ष फक्त त्यांचीच होती.

मी हे सगळं मॅडमना फोनवर सांगितलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "त्या मशीनमध्ये कॅसेट एकच असते ना? मग फोन उचलल्यावर दादांचं जे बोलणं ऐकू येतं, 'मी बाहेर आहे, निरोप ठेवा', ते कुठं असतं?"

"त्याच कॅसेटच्या सुरुवातीला."

"आपण ते ऐकलंच नाही. आपण सगळ्यांनी फक्त पुढचा भाग ऐकला."

७

निवेदन साधंच होतं. दादांचा भरडा, घुमणारा आवाज. "नमस्कार. मी पुंजाराम मोगल बोलतोय. मी बाहेर आहे. निरोप ठेवा."

"दादाच," मी म्हणालो.

"माझ्या कानालाही दादाच वाटतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून कानाला विचारायचं नाही."

मी दादांचा जबाब टेप केला होता. त्यावरून मॅडमनी दादांचा नकाशा तयार केला, आणि निवेदनाचे तुकडे एकसष्ट नकाशांवर ओतले. आम्ही दोघं आणि दिनेश पडद्यासमोर उभे होतो. कोणी बसत नव्हतं. संगणक जुना, एकेक नंबर सावकाश येत होता.

दादांना उणे शून्य पॉइंट सहा मिळाले.

"उणे म्हणजे?"

"म्हणजे गर्दीतला कोणीही माणूस दादांपेक्षा जास्त दादा आहे."

दिनेशला हसू फुटलं, पण पुढचाच आकडा आला आणि तो पडद्याकडे वाकला. यादीत सगळ्यात वरचा एकच नंबर शून्याच्या वर होता. अ-९, शून्य पॉइंट नऊ.

"फक्त शून्य पॉइंट नऊ?" मी निराश झालो. "तानुबाईला तर तीनच्या वर होते."

मॅडमचा चेहरा मात्र उजळला होता. "अहो, तेवढेच हवेत! मशीनच्या आतला स्वस्त माइक, आमचा माइक वेगळा, वर नक्कल करायला घोगरा काढलेला आवाज. खऱ्या माणसाला अशा वेळी इतकेच मिळतात. घसा घोगरा करता येतो, पण तोंडाची, नाकाची पोकळी कुठून बदलणार? आणि हे बघा, बोली ओळखायचं दुसरं यंत्रही लावलंय मी. दादा दिंडोरीचे. यंत्र म्हणतंय, निवेदनाचा वळसा अहिराणीचा."

त्यांनी वही काढली. अहिराणीचं पान उघडलं. नववं नाव मी वाचलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "अजून एकदा चूक नको. यंत्राचं खरं आहे की नाही, हे माणसांकडून ऐकायचंय मला."

८

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅकहाउसच्या ऑफिसात दादा, ललित, फकिरा आणि मॅडम होत्या. दार उघडं ठेवलं होतं. बाहेर फकिराच्या टोळीतल्या बायका घड निवडत होत्या. कॅसेट मी पुन्हा मशीनमध्ये घातली होती, आणि आवाज मोठा केला होता.

मॅडमनी मोबाइलवरून दादांचाच नंबर लावला. चार वेळा घंटी वाजली. मशीननं फोन उचलला.

"नमस्कार. मी पुंजाराम मोगल बोलतोय. मी बाहेर आहे..."

दादा ताडकन उठले. "हे कोण बोलतंय?"

"तुम्ही," मी म्हणालो.

"मी? मी जन्मात कधी फोनवर नमस्कार म्हणालोय? मी रामराम म्हणतो! माझं निवेदन मी दिवाळीत भरलं, त्यात रामराम आहे!" मग ते एकदम थबकले. स्वतःच्याच नंबरवर कोण फोन करतं? स्वतःचं निवेदन ऐकायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

तेवढ्यात बाहेरून एक बाई खदखदून हसली. मग दुसरी. "आगं, हा तं ललितभाऊचा दादा!"

"तोच! मागच्या आठवड्यात जेवताना असंच बोलून दाखवलं ना!"

हसू पॅकहाउसभर पसरलं. मॅडमनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. संगणकानं जे सांगितलं, ते बायांनी घड हातातून खाली न ठेवता सांगितलं होतं.

ललितच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"अ-९," मॅडम त्याला शांतपणे म्हणाल्या. "ललितभाऊ, नोव्हेंबरात हौसेनं तुम्हीच अहिराणीत दहा मिनिटं बोललात. तुमचा आवाज आमच्याकडे आहे."

मी पुढचं बोललो. "लाइट गेली. पंप बंद पडला. औषधाच्या पिपात सोडलेल्या पाइपमधून औषध उलट ओढलं गेलं आणि पिण्याच्या हौदात उतरलं. पाइप वेगळा करायचं काम तुझं. तानुबाईनं ते सगळ्यांसमोर सांगितलंही होतं. बाया पडल्या तेव्हा तुला ते कळलं, आणि तपासनीस चार दिवसांवर आले होते. सगळे दवाखान्यात गेले. तुझ्या हातात एक तास होता."

तो खुर्चीत कोसळला. रडत रडत त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तानुबाईचं ते बोलणं त्यानं सीडीवर अनेकदा ऐकलं होतं. मशीनमधली कॅसेट छोट्या टेपमध्ये घालून, संगणकाला वायर लावून त्यानं ती दोन वाक्यं तिच्यावर घेतली. पण घाईत कॅसेट अगदी सुरुवातीपासून चालू झाली आणि दादांचं खरं निवेदन पुसलं गेलं. मग त्यानं मशीनमध्ये दादांच्या आवाजात निवेदन पुन्हा भरलं, त्यामागे निरोप पुन्हा घेतला, आणि दिवा लुकलुकावा म्हणून मोबाइलवरून एक मुका फोन केला. त्यानंतर ठाण्याला.

"माझी नोकरी गेली असती दादा. कोणाला मारायचं नव्हतं मला."

"आन् तानुबाई?" फकिरा पुढे झाला. "माझ्या चुलतीला खांद्यावर नेणारी बाई चार दिवस कोठडीत बसली, ते?"



९

तानुबाईला सोडायला मी स्वतः गेलो. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवत होतो. तिनं ती पुरी होऊ दिली नाहीत.

"वत्सला कशी हाय?" तिनं विचारलं.

"काल घरी आली. भाकरी खाल्ली म्हणे."

"मंग बरं," ती म्हणाली आणि चालू लागली. फाटकाबाहेर पंचेचाळीस बायका उभ्या होत्या. तिच्या बावीस, आणि उरलेल्या फकिराच्या. फकिरानंच ट्रॅक्टर आणला होता.

दादांनी त्याच रात्री पाइप तोडून वेगळे केले. परदेशी तपासनीस आले तेव्हा त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. परवाना त्या वर्षी मिळाला नाही. पुढच्या वर्षी मिळाला. ललितवर खटला चालला, शिक्षा झाली.

साधनामॅडमनी पेपरात स्वतः पत्र छापून आणलं. माझ्या यंत्रानं आवाज बरोबर ओळखला, पण त्यावरून मी काढलेला अर्थ चुकला, असं त्यांनी सरळ लिहिलं. कॉलेजात काही जण कुजबुजले. गाइडही म्हणाले, आता पीएच.डी. लांबणार. मॅडमनी प्रबंधात एक नवं प्रकरण घातलं: आवाज कोणाचा हे विचारण्याआधी तो कुठल्या वाटेनं आला, हे यंत्राला कसं विचारायचं. त्यासाठी पुन्हा सगळ्या साठ जणांना माइकवर आणि फोनवर बोलतं केलं. तानुबाईनं तर अख्खी टोळी रांगेत उभी केली.

२००४ च्या ऑगस्टात त्यांची तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून मीही गेलो. हॉल गच्च. मागच्या दोन रांगांत नऊवारीतल्या बायका, तानुबाई मध्ये. दादा आले होते, फकिराही.

दिल्लीचे परीक्षक म्हणे फार कडक. दोन तास त्यांनी एकेक आकडा उकरला. मॅडम डगमगल्या नाहीत. शेवटी परीक्षकांनी चष्मा काढला आणि हिंदीत विचारलं, "हे सगळं प्रयोगशाळेत ठीक आहे. पण बाहेर, खऱ्या माणसांच्या जगात, चालतं का?"

मॅडम बोलायला तोंड उघडणार तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तानुबाई उभी राहिली होती. पदर खोचलेला, आवाज नेहमीचा, माइकची गरज नसलेला.

"चालतं सायेब," ती म्हणाली. "नायतर मी हितं बसली असती का?"

दिनेशनं घाईघाईनं ते, आणि ती कोण तेही, परीक्षकांना हिंदीत सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, उठून उभे राहिले, आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली.